विश्वाला आरंभ आहे का? एका प्रश्नाची शंभर वर्षे

१९६१ सालच्या फेब्रुवारीत लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत बावीस वर्षांचा एक संशोधक विद्यार्थी बोलायला उभा राहिला. केंब्रिजचे रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांनी नुकतीच आपली निरीक्षणे जाहीर केली होती. विश्व सदासर्वकाळ असेच आहे हे मत त्यामुळे निकालात निघाले, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांचे ते मत, त्या फ्रेड हॉइल यांचे त्या दिवशी दुसरीकडे व्याख्यान ठरलेले होते. म्हणून उत्तर द्यायची जबाबदारी त्यांच्या हाताखाली काही महिन्यांपूर्वीच काम सुरू केलेल्या विद्यार्थ्यावर आली. हे जयंत नारळीकर, कोल्हापूरला जन्मलेले आणि बनारसला वाढलेले.

‘महास्फोट न मानणारे शास्त्रज्ञ’ ही त्यांची ओळख महाराष्ट्रात घरोघर झाली. पण त्यांनी नेमके काय मानले नाही आणि का, हे फारसे कोणी विचारत नाही. या वादात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले होते. विश्व पूर्वी आजच्यापेक्षा फार दाट आणि फार तप्त होते का, हा पहिला. विश्वाला आरंभ होता का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाले आहे. दुसरा अजून उघडा आहे, तरी शाळेच्या पुस्तकांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळीकडे पहिल्याचे उत्तर दुसऱ्याचे म्हणून सांगितले जाते. हा गुंता झाला कसा, ते समजण्यासाठी १९१७ पर्यंत मागे जावे लागते.

आइन्स्टाइनने १९१५ च्या नोव्हेंबरमध्ये व्यापक सापेक्षता सिद्धांत पूर्ण केला आणि सव्वा वर्षात तो संपूर्ण विश्वाला लावून पाहिला. त्या काळी विश्व म्हणजे आपली आकाशगंगा, आणि ते स्थिर आहे याबद्दल कोणाला शंका नव्हती. समीकरणे मात्र स्थिर राहायला तयार नव्हती. गुरुत्वाकर्षणाने सगळे एकमेकांकडे ओढले जाणार आणि विश्व आकुंचन पावणार, असे ती सांगत होती. म्हणून आइन्स्टाइनने समीकरणात एक जादा पद घातले. लॅम्डा या ग्रीक अक्षराने दाखवलेला हा वैश्विक स्थिरांक गुरुत्वाकर्षणाच्या उलट, दूर ढकलणारा परिणाम करतो. ओढ आणि ढकल यांचा तोल साधला आणि कागदावरचे विश्व जागच्या जागी उभे राहिले.

हा तोल नकली आहे हे पेट्रोग्राडच्या अलेक्झांडर फ्रीडमनने दाखवले. पहिल्या महायुद्धात विमानातून हवामानाची निरीक्षणे घेतलेला हा गणिती. आइन्स्टाइनची समीकरणे प्रसरण पावणाऱ्या किंवा आकुंचन पावणाऱ्या विश्वाची उत्तरे सहज देतात, हे त्याने १९२२ मध्ये सिद्ध केले. यात गणिताची चूक आहे अशी टीप आइन्स्टाइनने त्याच नियतकालिकात छापली. पुढच्या वर्षी चूक आपलीच होती हे त्याने छापूनच कबूल केले. पण गणित बरोबर असले तरी प्रत्यक्ष विश्व असे वागत असेल, हे त्याला पटले नव्हते. फ्रीडमन १९२५ मध्ये विषमज्वराने गेला. वय अवघे ३७. आपले समीकरण आकाशात खरे ठरलेले त्याला पाहता आले नाही, ही या इतिहासातली मला सर्वांत चटका लावणारी गोष्ट वाटते.

दोन वर्षांनी बेल्जियमचा जॉर्ज लमेत्र स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोचला. हा कॅथलिक धर्मगुरू होता, महायुद्धात तोफखान्यात लढलेला होता आणि भौतिकशास्त्रात पक्का होता. फ्रीडमनने नुसते गणित केले होते, लमेत्रने ते दीर्घिकांच्या, म्हणजे आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांच्या, मोजलेल्या वेगांशी जोडले. विश्व प्रसरण पावत असेल तर जी दीर्घिका जितकी दूर तितक्या वेगाने ती आणखी दूर जाताना दिसणार, हा नियम त्याच्या १९२७ च्या लेखात आहे. लेख फ्रेंचमध्ये होता आणि ब्रुसेल्सच्या एका फारशा न वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात आला. त्याच वर्षी सॉल्व्हे परिषदेच्या वेळी आइन्स्टाइन त्याला म्हणाला, तुमचे गणित बरोबर आहे, पण भौतिकशास्त्र भयंकर आहे.

आकाशाकडची तयारी आधीपासून चालू होती. हार्वर्ड वेधशाळेत काचेच्या छायाचित्रांवरचे तारे मोजत बसलेल्या हेन्रिएटा लेविट यांनी १९१२ पर्यंत सेफीड जातीच्या चलताऱ्यांचा नियम हाती दिला होता. तारा जितका तेजस्वी तितका त्याच्या लुकलुकण्याचा काळ मोठा. खरे तेज कळले की दिसणाऱ्या तेजावरून अंतर काढता येते, म्हणजे विश्व मोजायची पट्टी मिळाली. अ‍ॅरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर सर्पिल तेजोमेघांचे वर्णपट घेत होता. देवयानी (अँड्रोमेडा) आपल्याकडे सेकंदाला ३०० किलोमीटरने येते आहे हे त्याने १९१२ मध्ये मोजले. बाकीचे बहुतेक तेजोमेघ दूर चालले होते, त्यांच्या प्रकाशाला ताम्रसृती होती, म्हणजे वर्णपटातल्या रेषा लाल टोकाकडे सरकलेल्या होत्या.

एडविन हबलने माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून १९२३ मध्ये देवयानीत सेफीड शोधला आणि ती आकाशगंगेच्या पार बाहेरची, स्वतंत्र दीर्घिका आहे हे सिद्ध झाले. १९२९ मध्ये त्याने अंतर आणि वेग यांचा आलेख मांडला. पुढे अतिशय दूरच्या दीर्घिकांचे वेग मोजण्याचे कष्ट उपसले ते मिल्टन ह्यूमसनने. हा माणूस वेधशाळेच्या बांधकामाच्या वेळी डोंगरावर सामान नेणारी खेचरे हाकायचा, मग तिथे झाडलोटीच्या कामाला लागला आणि अखेर जगातल्या उत्तम निरीक्षकांत गणला गेला.

नियमाला नाव मिळाले हबलचे. लमेत्रच्या लेखाचे इंग्रजी भाषांतर १९३१ मध्ये आले तेव्हा प्रसरणाचा दर काढणारा भाग त्यात नव्हता. तो हबलच्या बाजूच्या लोकांनी गाळला अशी कुजबुज बरीच वर्षे होती. पुढे कागदपत्रांतून स्पष्ट झाले की भाषांतर लमेत्रचेच होते आणि नव्या निरीक्षणांपुढे आपले जुने आकडे देण्यात अर्थ नाही म्हणून त्यानेच तो भाग वगळला होता. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने मतदान घेऊन या नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणावे अशी शिफारस केली.

प्रसरण म्हणजे काय, याबद्दल इथेच एक गैरसमज होतो. इलॅस्टिकच्या पट्टीवर बोट-बोट अंतरावर शाईचे ठिपके काढा आणि पट्टी ताणा. कोणत्याही ठिपक्यावरून पाहिले तरी बाकीचे दूर जाताना दिसतात, आणि लांबचा ठिपका जवळच्यापेक्षा जास्त सरकतो. यात मध्य कुठलाच नाही. दीर्घिका रिकाम्या जागेत भिरकावल्या गेलेल्या नाहीत. त्यांच्यामधली जागाच वाढते आहे. ‘स्फोट’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे एक ठिकाण, तिथला धमाका आणि बाहेर उडणारे तुकडे येतात. हे चित्र मुळापासून चुकीचे आहे.

लमेत्रने १९३१ मध्ये पुढचे पाऊल टाकले. प्रसरणाची फीत उलटी फिरवली तर सगळे द्रव्य एका जागी येते. त्याला त्याने आदिम अणू म्हटले आणि त्याच्या विघटनातून विश्व झाले असे सुचवले. आरंभाची कल्पना भौतिकशास्त्रात अशी आली. पुष्कळांना ती आवडली नाही, आणि एका धर्मगुरूने ती मांडली म्हणून तिच्याकडे आणखी संशयाने पाहिले गेले. १९५१ मध्ये पोप बाराव्या पायस यांनी हा सिद्धांत म्हणजे सृष्टिनिर्मितीची साक्ष आहे अशा अर्थाचे भाषण केले, तेव्हा सर्वांत अस्वस्थ झाला तो लमेत्र. विज्ञानातले गृहीतक श्रद्धेचा आधार होऊ नये, असे त्याला मनापासून वाटत होते.

आइन्स्टाइनने १९३१ मध्ये स्थिर विश्व सोडले आणि लॅम्डाही सोडला. ती आपली सर्वांत मोठी घोडचूक होती असे तो म्हणाल्याचे भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमोव्हने लिहून ठेवले आहे. याहून कितीतरी मोलाची गोष्ट अगदी अलीकडे पुढे आली. जेरूसलेमच्या संग्रहातल्या, १९३१ च्या सुमारास लिहिलेल्या एका हस्तलिखितात आइन्स्टाइनने असे विश्व मांडून पाहिले होते, जे प्रसरण पावते पण विरळ होत नाही, कारण त्यात सतत नवे द्रव्य जन्मते. गणितातली चूक लक्षात आल्यावर त्याने तो कागद बाजूला ठेवला. २०१४ मध्ये अभ्यासकांनी त्याचे विवेचन प्रसिद्ध करेपर्यंत ही गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती. हॉइलला तर नव्हतीच.

हबलच्या आकड्यांत एक मोठी अडचण होती. त्यांच्यावरून विश्वाचे वय दोन अब्ज वर्षांच्या आसपास येत होते आणि भूगर्भशास्त्रज्ञ पृथ्वीचे वय त्याहून जास्त सांगत होते. आईपेक्षा लेक थोरली! आज आपण ‘अंतरे चुकली होती’ असे सहज म्हणतो. पण वॉल्टर बाडेने सेफीडांचे दोन प्रकार ओळखून अंतरे दुप्पट केली ती १९५२ मध्ये. त्याआधीच्या वीस वर्षांत आरंभ असलेल्या विश्वावर अविश्वास दाखवणे हा हट्ट नव्हता, ते निरीक्षणांना धरूनच होते.

अशा काळात, १९४८ मध्ये, केंब्रिजच्या हर्मन बॉन्डी, थॉमस गोल्ड आणि फ्रेड हॉइल या तिघांनी स्थिर स्थिती सिद्धांत मांडला. तिघांची मैत्री युद्धकाळात रडारच्या कामावर जमलेली. प्रसरण त्यांनी मान्य केले. मात्र दीर्घिका दूर जाताना मध्ये जी जागा रिकामी होते तिथे नवे द्रव्य जन्मते आणि त्यातून नव्या दीर्घिका होतात, म्हणून विश्व कोणत्याही काळी पाहिले तरी सारखेच दिसते. नदी वाहत असते आणि पात्रातले पाणी तेवढेच राहते, तसे. त्यासाठी लागणारी निर्मिती अगदी किरकोळ: घनमीटरभर जागेत साधारण अब्ज वर्षांत हायड्रोजनचा एखादा अणू. कुठल्याही प्रयोगशाळेत हे पकडता येणार नाही. शून्यातून द्रव्य येते कसे, असा आक्षेप घेणाऱ्यांना हॉइलचे उत्तर होते की तुम्ही तर सगळे द्रव्य एकाच क्षणी शून्यातून आणता.

२८ मार्च १९४९ रोजी बीबीसीच्या रेडिओवर ही कल्पना समजावताना हॉइलने विरुद्ध मताला ‘बिग बँग’ म्हटले. हिणवण्याचा हेतू नव्हता, श्रोत्यांपुढे चित्र उभे राहावे एवढ्यासाठी तो शब्द वापरला, असे तो पुढे सांगत असे. नाव चिकटले. मराठीत त्याचा ‘महास्फोट’ झाला आणि स्फोटाची चुकीची प्रतिमा अधिकच घट्ट झाली.

विरुद्ध बाजूला अमेरिकेत गॅमोव्ह आणि त्याचा विद्यार्थी राल्फ अल्फर होते. सुरुवातीचे विश्व तप्त असेल तर त्या भट्टीत मूलद्रव्ये शिजली असतील, असा त्यांचा विचार. १९४८ मध्ये अल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी भाकीत केले की त्या तापाचे प्रारण (रेडिएशन) अजून विश्वात असले पाहिजे आणि त्याचे तापमान साधारण ५ केल्विन, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम ५ अंश वर, असेल. इतके नेमके भाकीत करूनही ते शोधायला कोणी निघाले नाही. अल्फर आणि हर्मन दोघेही विद्यापीठ सोडून उद्योगांत नोकरीला गेले.

मूलद्रव्यांच्या बाबतीत गॅमोव्ह अर्धा बरोबर होता. जड मूलद्रव्ये त्या भट्टीत होत नाहीत. कार्बन, ऑक्सिजन, लोखंड ताऱ्यांच्या पोटात तयार होते, हे मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि हॉइल यांनी १९५७ मध्ये सविस्तर दाखवले. ही हॉइलची बाजू उचलणारी गोष्ट होती. राहिला हेलियम. विश्वातल्या साध्या द्रव्याचा जवळजवळ चौथा भाग हेलियम आहे आणि ताऱ्यांतून एवढा निघू शकत नाही. गंमत पाहा, हे १९६४ मध्ये रॉजर टेलरबरोबर लिहिणारा हॉइलच होता, आणि १९६७ मध्ये फाउलर व वॅगनर यांच्याबरोबर तप्त विश्वातल्या पहिल्या काही मिनिटांत हलकी मूलद्रव्ये किती बनतील याचे बारीक गणित करणाराही तोच. ज्या सिद्धांताला त्याने जन्मभर विरोध केला त्याचा एक भक्कम खांब त्याच्याच हातांनी उभा राहिला. मतापुढे गणित वाकवायचे नाही, ही त्या पिढीची शिस्त मला आदरणीय वाटते.

आता पुन्हा १९६१. राइलच्या युक्तिवादाचे मर्म मोजणीत होते. अंधूक रेडिओ स्रोत साधारणपणे दूरचे, म्हणजे भूतकाळातले. विश्व कायम सारखे असेल तर तेजस्वी आणि अंधूक स्रोतांच्या संख्येचे प्रमाण ठरावीक यायला हवे. राइलला अंधूक स्रोत जास्त सापडत होते, म्हणजे पूर्वीचे विश्व वेगळे होते. पण याच गटाची १९५५ ची यादी फसली होती. १,९०० हून अधिक स्रोतांच्या त्या यादीतले बरेचसे स्रोत खरे नव्हतेच, हे सिडनीच्या निरीक्षणांनी उघड केले होते. त्यामुळे नव्या मोजणीवर प्रश्न विचारणे रास्त होते. हॉइल आणि नारळीकरांनी दाखवले की दीर्घिका मोठमोठ्या महासमूहांत जमल्या असतील आणि मध्ये तितक्याच मोठ्या रिकाम्या जागा असतील, तर आपण कुठून पाहतो यावर मोजणी अवलंबून राहते. महासमूह ही कल्पना त्या वेळी फार थोड्यांना मान्य होती. आज दीर्घिकांच्या नकाशांत ते ठळक दिसतात. तरीही वादाच्या मूळ मुद्द्यावर राइलच बरोबर ठरला. मोजण्या सुधारत गेल्या तशी अंधूक स्रोतांची गर्दी कायम राहिली.

या वादाला भारतातूनही पुरावा मिळाला, आणि तो नारळीकरांच्या विरुद्ध बाजूने. १९७२ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. त्याच संस्थेत गोविंद स्वरूप होते, ज्यांनी उटीजवळच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद रेडिओ दुर्बीण बांधली होती. उताराचा कल तिथल्या अक्षांशाएवढाच असल्याने दुर्बीण फक्त एका अक्षाभोवती फिरवून आकाशातला स्रोत तासन्‌तास टिपता येतो. चंद्र एखाद्या रेडिओ स्रोतावरून सरकताना तो स्रोत क्षणाक्षणाने झाकला जातो, त्यावरून त्याचा आकार काढता येतो. अशा शेकडो मोजमापांवरून स्वरूप आणि विजय कपाही यांनी १९७५ मध्ये दाखवले की अंधूक स्रोतांचे आकार काळानुसार बदलणाऱ्या विश्वाशीच जुळतात. एकाच संस्थेत एक जण सिद्धांत मांडतो आहे आणि दुसरा त्याच्या विरुद्ध निरीक्षणे छापतो आहे, आणि दोघेही मानाने काम करत आहेत. विज्ञानसंस्था कशी असावी याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

मोठा घाव मात्र त्याआधीच बसला होता. न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथे आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन उपग्रह-संदेशांसाठी बांधलेल्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनावर खगोलशास्त्र करू पाहत होते. ७.३५ सेंटिमीटर तरंगलांबीवर एक खरखर काही केल्या जाईना. दिवस असो वा रात्र, दिशा कोणतीही असो, ऋतू कोणताही असो. शिंगात कबुतरांनी घरटे केले होते. कबुतरे हलवली, विष्ठा खरवडून काढली, सांधे झाकले. खरखर तेवढीच, साडेतीन केल्विनच्या आसपास. तासाभराच्या अंतरावर प्रिन्स्टनमध्ये रॉबर्ट डिकी आणि त्याचे सहकारी हेच प्रारण शोधायला उपकरण बांधत होते. फोन झाला, आणि १९६५ मध्ये दोन्ही लेख एकापाठोपाठ छापले गेले. अल्फर आणि हर्मन यांचे जुने भाकीत त्या लेखांत नव्हते. लमेत्रला ही बातमी मरणाच्या काही दिवस आधी, १९६६ च्या जूनमध्ये, कळली. फ्रीडमनच्या वाट्याला जे आले नाही ते त्याला मिळाले.

हा विश्वाचा सर्वांत जुना प्रकाश. विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचे असताना तापमान ३,००० केल्विनपर्यंत उतरले, इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन जोडून हायड्रोजनचे अणू झाले आणि अडकलेला प्रकाश मोकळा सुटला. त्यानंतर विश्व सुमारे १,१०० पट ताणले गेले आणि तो प्रकाश ताणत-निवत सूक्ष्मतरंग (मायक्रोवेव्ह) झाला. कोबे उपग्रहाने १९९० मध्ये त्याचा वर्णपट मोजला, तेव्हा तो २.७३ केल्विनच्या आदर्श तप्त वस्तूशी इतका तंतोतंत जुळला की आलेखावर मोजमापातल्या त्रुटी दाखवणाऱ्या रेषा दिसतच नव्हत्या. दोन वर्षांनी त्याच उपग्रहाने त्यात लाखात एक भागाएवढे चढउतार दाखवले. दीर्घिका ज्यांपासून वाढल्या ती ही बीजे.

विश्व तप्त आणि दाट होते, हा पहिला प्रश्न इथे सुटला.

दुसऱ्या, म्हणजे आरंभाच्या, प्रश्नाचे सूत्र कलकत्त्यात आहे. अमलकुमार रायचौधुरी यांचे १९५५ चे समीकरण सांगते की गुरुत्वाकर्षण आकर्षकच असेल तर द्रव्याच्या एकत्र येणाऱ्या वाटा मर्यादित काळात एकवटतातच. एखादे विश्व अगदी सुबक, गोल आहे असे गृहीत धरावे लागत नाही. मुख्य विद्यापीठांपासून दूर बसून, फारशा आधाराविना केलेले हे काम पुढे रॉजर पेनरोज आणि स्टीफन हॉकिंग यांच्या प्रमेयांचा पाया झाले. १९६५ ते १९७० या काळातल्या त्या प्रमेयांनी सिद्ध केले की व्यापक सापेक्षतेनुसार प्रसरणशील विश्वाच्या भूतकाळात सिंग्युलॅरिटी असतेच, जिथे घनता अनंत होते आणि समीकरणे तुटतात.

लोकांनी याचा अर्थ लावला की आरंभ सिद्ध झाला. भौतिकशास्त्राच्या भाषेत मात्र ‘अनंत’ हे उत्तर नसते. आपला सिद्धांत इथे लागू पडत नाही, अशी ती पाटी असते. तिथे पुंजभौतिकी (क्वांटम फिजिक्स) लागेल आणि गुरुत्वाकर्षणाची पुंजभौतिकी अजून तयार नाही. म्हणजे महास्फोटाचा सिद्धांत पहिल्या सेकंदापासून पुढची हकीकत विलक्षण अचूक सांगतो, आणि पहिल्या क्षणाविषयी गप्प राहतो.

त्या गप्प जागेत शिरण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९७९ च्या डिसेंबरात झाला. तोपर्यंत तप्त विश्वाच्या सिद्धांतातही कोडी साठली होती. आकाशाच्या दोन टोकांचे प्रारण अगदी सारख्या तापमानाचे आहे, पण त्या भागांमध्ये प्रकाशालाही एकीकडून दुसरीकडे जायला वेळ मिळालेला नव्हता. मग तापमान जुळले कसे? दुसरे कोडे घनतेचे. आज विश्व सपाट, म्हणजे मोठ्या प्रमाणावर न वाकलेले, दिसते. त्यासाठी पहिल्या सेकंदाला घनता एका ठरावीक आकड्याशी सुमारे पंधरा दशांश स्थळांपर्यंत जुळलेली असायला हवी. स्टॅनफर्डला तात्पुरत्या नेमणुकीवर असलेल्या अ‍ॅलन गूथने एका रात्री वहीत गणित मांडले. अगदी सुरुवातीच्या सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात विश्व किमान १०च्या २६व्या घाताएवढे पट फुगले असेल, तर ही दोन्ही कोडी एकदम सुटतात. याला इन्फ्लेशन म्हणतात. मॉस्कोत अलेक्सी स्टारोबिन्स्की वेगळ्या वाटेने अशाच विश्वापर्यंत पोचला होता. गूथच्या मूळ आराखड्यातला दोष १९८२ मध्ये आंद्रेई लिंडेने, आणि वेगळेपणाने आल्ब्रेक्ट व स्टाइनहार्ट यांनी दुरुस्त केला. पुंज पातळीवरच्या बारीक थरथरी फुगताना ताणल्या गेल्या आणि तेच पुढे प्रारणातले लाखात एक चढउतार झाले, हे इन्फ्लेशनचे खरे यश.

हे फुगणाऱ्या विश्वाचे गणित नवे नव्हते. स्थिर घनता राखत घातांकी वेगाने प्रसरण पावणारे विश्व म्हणजे डी सिटरने १९१७ मध्ये काढलेले उत्तर, आणि तेच बॉन्डी, गोल्ड व हॉइल यांचे विश्व. हॉइल आणि नारळीकरांनी १९६० च्या दशकात द्रव्यनिर्मितीसाठी ऋण ऊर्जेचे एक क्षेत्र कल्पिले होते, त्याला ते सी-क्षेत्र म्हणत. अशा क्षेत्राची तेव्हा चेष्टा झाली. वीस वर्षांनी इन्फ्लेशनसाठी ऋण दाबाचे क्षेत्र कल्पिले गेले तेव्हा कोणी हसले नाही. नारळीकरांनी हे साम्य दाखवून दिले होते. दोन्ही क्षेत्रे एकच नाहीत. पण कायमचे म्हणून नाकारलेले प्रसरण सेकंदाच्या सूक्ष्म अंशापुरते परत आले, हे खरे.

१९९३ मध्ये हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी अर्ध-स्थिर स्थिती सिद्धांत मांडला. त्यात विश्व प्रसरण पावता पावता सुमारे ५० अब्ज वर्षांची आंदोलने घेते, द्रव्य लहान लहान स्फोटांतून जन्मते आणि पार्श्वभूमीचे प्रारण म्हणजे जुन्या ताऱ्यांचा प्रकाश, जो अवकाशातल्या लोखंडाच्या सुईसारख्या कणांनी शोषून पुन्हा बाहेर टाकलेला आहे. हेच प्रारण बारकाईने मोजणाऱ्या डब्ल्यूमॅप आणि प्लँक उपग्रहांच्या आकड्यांपुढे हे स्पष्टीकरण टिकले नाही आणि बहुतेक विश्वशास्त्रज्ञांनी ते स्वीकारले नाही. नारळीकरांविषयी प्रेम आहे म्हणून पुराव्याचे वजन कमी करून सांगणे योग्य नाही. पण पुण्यात १९८८ मध्ये त्यांनी उभ्या केलेल्या आयुका या संस्थेत महास्फोट मानणारे संशोधक त्यांच्या शेजारच्या खोल्यांत बसून निर्धास्त काम करत होते, हेही सांगायला हवे. २० मे २०२५ रोजी पुण्यात ते गेले.

इन्फ्लेशनच्या आधी काय? इथे आज निरनिराळ्या वाटा आहेत आणि एकीलाही निरीक्षणाचा निर्णायक पाठिंबा नाही. एडवर्ड ट्रायनने १९७३ मध्ये सुचवले की विश्वातल्या द्रव्याची धन ऊर्जा आणि गुरुत्वाकर्षणाची ऋण ऊर्जा मिळून बेरीज शून्य असू शकते, तर मग संपूर्ण विश्व ही निर्वातातली एक पुंज-लहर का असू नये? अलेक्झांडर विलेन्किनने १९८२ मध्ये अवकाश-काळच नसलेल्या अवस्थेतून विश्व प्रकट होण्याचे गणित केले. पुढच्या वर्षी जेम्स हार्टल आणि हॉकिंग यांनी मांडले की मागे जाता जाता काळ अवकाशासारखाच होतो, त्यामुळे पहिला क्षण अशी कड उरत नाही. या सर्वांतले ‘शून्य’ आपल्या बोलण्यातले शून्य नव्हे. पुंजभौतिकीचे नियम तिथे गृहीत आहेत, आणि ते कुठून आले हे कोणी सांगत नाही.

दुसऱ्या वाटा आरंभ नाकारतात. इन्फ्लेशनच्या रचनाकारांपैकी पॉल स्टाइनहार्टच पुढे त्याचा टीकाकार झाला. नील ट्युरॉकबरोबर २००२ मध्ये त्याने आकुंचन-प्रसरणाच्या फेऱ्यांतून जाणारे चक्रीय विश्व मांडले. आणि एक वाट धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला जन्मलेल्या अभय अष्टेकरांची आहे. १९८६ मध्ये त्यांनी आइन्स्टाइनची समीकरणे नव्या चलांमध्ये लिहिली आणि त्यातून लूप क्वांटम ग्रॅव्हिटी हा सिद्धांत उभा राहिला. दुरून सलग दिसणारे कापड जवळून पाहता धाग्यांचे असते, तसे यात अवकाश सलग नसते, त्याचे सर्वांत लहान तुकडे असतात. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात पाव्लोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांच्याबरोबर त्यांनी २००६ मध्ये हे विश्वाला लावून पाहिले. मागे जाता घनता वाढत जाते, पण प्लँक घनतेच्या (जिथे गुरुत्वाकर्षणालाही पुंजभौतिकी लावावी लागते अशा प्रचंड घनतेच्या) सुमारे ४१ टक्क्यांपाशी गुरुत्वाकर्षण दूर ढकलणारे होते आणि सिंग्युलॅरिटी येतच नाही. आधीचे आकुंचन पावणारे विश्व उसळी घेऊन आपले प्रसरण पावणारे विश्व होते. रायचौधुरींच्या समीकरणातली ‘गुरुत्वाकर्षण आकर्षकच आहे’ ही अट इथे मोडते, म्हणून पेनरोज-हॉकिंग प्रमेये लागू पडत नाहीत.

दरम्यान जुने पात्र परत आले. १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांवरून (स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांवरून) कळले की प्रसरणाचा वेग वाढतो आहे, आणि आइन्स्टाइनने टाकून दिलेला लॅम्डा डार्क एनर्जीच्या, म्हणजे प्रसरणाला वेग देणाऱ्या अज्ञात ऊर्जेच्या, रूपाने समीकरणात पुन्हा बसला. आज प्लँकच्या मोजमापांनुसार विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे आहे, त्यात आपल्या ओळखीचे द्रव्य ५ टक्के, डार्क मॅटर (न दिसणारे, फक्त गुरुत्वाकर्षणाने जाणवणारे द्रव्य) सुमारे २७ आणि डार्क एनर्जी ६८ टक्के. प्रसरणाचा दर (दर मेगापार्सेकला, म्हणजे सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षांना, सेकंदाला किती किलोमीटर) मात्र प्रारणावरून ६७ येतो आणि सेफीड-अतिनवताऱ्यांवरून ७३ च्या आसपास. मोजमापे जितकी नेमकी होत आहेत तितकी ही फट स्पष्ट होते आहे.

आरंभाच्या बाबतीत एक कसोटी हाताशी आहे. इन्फ्लेशनच्या अनेक आराखड्यांत आदिम गुरुत्वीय तरंग निर्माण होतात आणि ते प्रारणाच्या ध्रुवणात (त्याच्या लहरी कोणत्या दिशेने हलतात त्यात) भोवऱ्यासारखी एक विशिष्ट नक्षी सोडतात. स्टाइनहार्टच्या चक्रीय विश्वात हे तरंग जवळजवळ नसतात. दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीने ही नक्षी सापडल्याचे मार्च २०१४ मध्ये जाहीर केले आणि जगभर बातम्या झाल्या. वर्षभराच्या आत प्लँकच्या आकड्यांशी पडताळा घेतला, तेव्हा तो संकेत मुख्यतः आपल्या आकाशगंगेतल्या धुळीचा निघाला. त्याच दक्षिण ध्रुवावर आणि चिलीच्या अटाकामा वाळवंटात ५,२०० मीटर उंचीवर अधिक संवेदनशील दुर्बिणी आता ती धूळ वजा करून तीच नक्षी शोधत आहेत.